कॉटन म्हणजे खाट अन् टन? डिक्शनरीत शब्दाच्या मधात टिंब कायले देतेत, कोणी सांगा बा

पऱ्हाटीवाला, घाटंजी

नमस्कार मंडळी. प्रश्न इंग्लिशचा हाय अन् विचारणारा कास्तकार हाय, तं जरा समजून घेजा.

माझी पोरगी सातवीत हाय, सेमी इंग्लिश. मागच्या महिन्यात यवतमाळले गेलो होतो तं तिच्यासाठी एक जाडजूड इंग्लिश टू इंग्लिश डिक्शनरी आणली, रद्दीवाल्याकडची, साठ रुपयात. सुरवातीची पानं फाटेल हायेत म्हणून कोणती हाय ते काही समजत नाई. आता त्याच्यात जवळपास प्रत्येक शब्दाच्या मधात बारके बारके टिंब हायेत. शाळेत दहा शब्द अर्थासगट लिहून आणाले सांगतले होते, तं आमच्या पोट्टीनं टिंबाच्या जागी डॅश देऊन देऊन लिहून नेले. ॲम डॅश बू डॅश लान्स, असं. बाईनं दहाच्या दहा कापले. पोट्टी म्हणते पुस्तकात तसंच हाय, बाई म्हणते असं कुठं नसते, अन् मी मधात चेपून राहिलो.

मंग काल रात्री कापसाच्या गाठोड्याले टेकून आम्ही दोघं बापलेक ते पुस्तक घेऊन बसलो. कॉटन काढला तं सी ओ टी, टिंब, टी ओ एन. पोट्टी म्हणे बाबा कॉट म्हणजे खाट अन् टन म्हणजे टन, आपला कापूस म्हणजे खाटेवरचा टन. हासून हासून बेजार झालो, इथं क्विंटलाचे वांधे हायेत अन् ही टनात बोलून राहिली. पण तिचं पुढचं विचारणं मले सुटलं नाई. फार्मरमधी टिंब एम च्या नंतर हाय, एफ ए आर एम, टिंब, ई आर. आपण तोंडानं म्हणतो फार-मर. उच्चारासाठी टिंब असते तं ते आर च्या नंतर पाह्यजे होतं ना? अन् स्ट्रेंग्थ एवढा आठ अक्षराचा शब्द, त्याले एकही टिंब नाई. आयडियाले पण नाई, म्हणाले तं तीनदा तोंड उघडते.

आखीन एक. ऑनेस्टीचा अर्थ पाहिला तं लिहून हाय, ऑनेस्ट असण्याचा गुण. हा काय अर्थ झाला? घाणीच्या बैलावाणी तिथल्या तिथंच फिरवून राहिले. कोणाले माहीत असन तं सांगजा.

निवृत्त_गुरुजी, आर्वी

पोरीला शाबासकी सांगा, दहाच्या दहा कापले तरी. तिनं पुस्तक नीट पाहिलं म्हणून तर तिला टिंब दिसले, आमच्या वर्गात चाळीस पोरं असायची आणि आठ-दहा वर्षांत एकानंही विचारलं नाही.

ते टिंब छापखान्यासाठी असतात. ओळ संपत आली आणि शब्द मावत नसला तर तो कुठून तोडायचा त्याची ती खूण. आपल्या मराठी व्याकरणात संयोगचिन्हाचे दोन उपयोग शिकवतात ना, एक आई-वडील सारखे शब्द जोडायला आणि दुसरा ओळीच्या शेवटी शब्द अपुरा राहिला तर. तो जो दुसरा उपयोग आहे त्याचीच ही इंग्रजी सोय. म्हणजे ॲम्ब्युलन्स ओळीच्या मधात आला तर अख्खाच लिहायचा, डॅश द्यायचाच नाही. शेवटी आला आणि जागा पुरली नाही तरच टिंबाच्या ठिकाणी डॅश, आणि उरलेला खालच्या ओळीत. बाईंचं कापणं बरोबर होतं पण "असं कुठं नसते" हे म्हणणं बरोबर नव्हतं, पुस्तक उघडून पाहायचं होतं.

आता फार्मर. टिंब उच्चाराच्या आसपास असतात, पण त्यावरच चालत नाहीत. फार्म हा मूळ शब्द, त्याला करणारा या अर्थाची ई आर ची शेपटी लागली. तोडायचं तर मूळ मुळापाशी आणि शेपटी शेपटीपाशी, म्हणजे वाचणाऱ्याला वरच्या ओळीत फार्म दिसला की खालच्या ओळीत काय येणार ते त्याच्या ध्यानात येतं. उच्चार पाहायचा असला तर शब्दापुढं तिरप्या रेघांच्या मधात वेगळ्या खुणा असतात त्या पाहा. स्ट्रेंग्थमध्ये स्वर एकदाच वाजतो, अक्षरं आठ असोत की नऊ, एका झटक्यात म्हणतो तो शब्द तोडता येत नाही. आणि आयडियाचं असं की पहिला तुकडा नुसता आय आणि शेवटचा नुसता ए. एकटं अक्षर ओळीच्या टोकाला लटकत ठेवायचं नाही असा छापणाऱ्यांचा दंडक आहे, म्हणून पुष्कळ डिक्शनऱ्या तिथं टिंबच देत नाहीत.

डीटीपी_दिग्रस

गुरुजी शाळेत शिकवतेत ते आम्ही मार खाऊन शिकलो. माझं दिग्रसले डीटीपी अन् झेरॉक्सचं दुकान हाय, लग्नपत्रिका, तेरवीचे कार्ड, पावती बुकं, सगळं. बारा-तेरा वर्षं झाली असतील, एका मोफत तपासणी शिबिराचं पत्रक आलं. डॉक्टरच्या नावाखाली इंग्लिशमधी मोठ्या अक्षरात फिजिओथेरपिस्ट पाह्यजे म्हणे. पत्रक बारकं, टाइप मोठा, मावेच ना. दुकानात गर्दी, लाइट जाऊन येऊन राहिली, मी आपला टी एच ई च्या नंतर डॅश ठोकला अन् एन्टर मारलं. खालच्या ओळीत आर पासून पुढचं. खालच्या ओळीत एकट्यानं काय उरलं ते तुम्हीच जुळवून पाहा, मी इथं लिहीत नाई, लेडीज वाचून राहिल्या.

पाचशे छापली होती. अर्धी वाटून झाली तवा डॉक्टरसाहेबाच्या मिसेसचा फोन आला. पैसे तं गेलेच पण उरलेली पत्रकं चुलीत घालताना माझी आई म्हणे असा कोणता पाप केला बा तुनं. डिक्शनरीत पाहिलं असतं तं त्याच शब्दात टिंब टी एच ई आर च्या नंतर हाय, म्हणजे आर वरच ठेवाचा. एका अक्षरानं इज्जत राहिली असती.

तवापासून दुकानात एक डिक्शनरी ठेवली हाय. पऱ्हाटीवाले भाऊ, तुमच्या पोरीले आपल्या इकडचीच एक जोडी सांगा, जिनिंग प्रेसिंग. फॅक्टरीचे लेटरहेड करताना समजलं मले. जिनिंग तोडाचं तं दोन एन च्या मधात तुटते, जी आय एन डॅश, खाली एन आय एन जी. प्रेसिंगमधी मात्र दोन्ही एस वरच राह्यतेत अन् खाली नुसतं आय एन जी. कारण जिन ह्या शब्दात एन एकच होता, दुसरा एन आय एन जी लागला म्हणून आला, तं तो पाहुणा, शेपटीसंगं जाईन. प्रेसमधी दोन्ही एस घरचेच हायेत, ते घर सोडत नाईत. रनिंग आणि सेलिंगचं पण सेम.

अन् मराठीसाठी म्हणान तं पेजमेकरात जुन्या श्रीलिपी फॉन्टमधी काम करताना हायफनेशन आधी ऑफ कराचं. कॉम्प्युटरले ते इंग्लिशच वाटते, तो आपल्या हिशोबानं तोडते अन् मात्रा एका ओळीत अक्षर दुसऱ्या ओळीत.

बयाड_पोट्टा

घाटंजी म्हणजे टिपेश्वरच्या वाघाच्या जंगलाबाजूलेच ना भाऊ. मंग तुम्हाले तं हायफन माहीत पाह्यजेच. मॅन ईटिंग टायगर, मधात हायफन दिला तं माणसं खाणारा वाघ. नाई दिला तं एक माणूस हाय अन् तो वाघ खाऊन राहिला 😂 आमच्या गावात असा एक हाय, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सापडते.

आखीन एक, आमच्या इकडं एकानं रिझाइन केलं असं पेपरात आलं होतं, दुसऱ्या दिवशी तो खुर्चीवर बसेलच. मी म्हटलं अरे री नंतर हायफन राहिला असन, री-साइन, म्हणजे पुन्हा सही केली. स्पेलिंग तेच हाय ना.

निवृत्त_गुरुजी, आर्वी

बयाड म्हणवतो पण उदाहरणं पक्की दिली. ओळीच्या शेवटचा हायफन वेगळा आणि हा वेगळा. हा शब्दाचाच भाग आहे, ओळीच्या मधातही लिहावाच लागतो, नाहीतर अर्थ फिरतो. सहकारी सोसायटीच्या पाट्यांवर को-ऑप लिहितात त्यात हायफन खाल्ला तर कूप वाचलं जातं, आणि त्याचा इंग्रजीत अर्थ कोंबड्यांचं खुराडं.

बयाड_पोट्टा

सोसायटीच्या आमसभेत गेले नाई वाट्टे गुरुजी तुम्ही कधी. हायफन नसला तरी चालते.

प्रूफवाली, मूळ पुसद सध्या पुणे

मजा येतेय वाचायला. मी प्रूफं तपासते, इंग्रजी-मराठी दोन्ही, त्यामुळे हा माझ्या रोजच्या डोकेदुखीचा विषय आहे आणि थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

पऱ्हाटीवाले दादा, आधी एक सावधगिरी. तुमच्या डिक्शनरीतले टिंब ही काही दगडावरची रेघ नाही. दोन डिक्शनऱ्या शेजारी ठेवल्या तर भांडतात. गंमत म्हणजे खुद्द डिक्शनरी या शब्दावरच भांडतात. मेरियम-वेबस्टर तोडते डी आय सी, मग टी आय ओ, मग एन ए आर वाय. अमेरिकन हेरिटेज तोडते डी आय सी, टी आय ओ एन, ए आर आणि शेवटी एकटा वाय. दोन्ही अमेरिकेच्याच! एक ओळ कुठे तोडायची ते सांगतेय, दुसरी शब्दाचे उच्चाराचे तुकडे दाखवतेय, म्हणून तिला एकटा वाय चालतो. सुरुवातीच्या पानांवर हे सगळं लिहिलेलं असतं, पण तीच पानं तुमच्याकडे नाहीत, हाय रे दैवा.

इंग्लंड आणि अमेरिकेचं तर जुनं वाकडं आहे. नॉलेज घ्या. इंग्रजांची जुनी पद्धत नो च्या नंतर तोडायची, के एन ओ डब्ल्यू, कारण मूळ शब्द नो. अमेरिकन तोडतात एल घेऊन, के एन ओ डब्ल्यू एल, कारण जीभ तसं म्हणते. नोआ वेबस्टरनं १७८३ सालच्या त्याच्या स्पेलिंगच्या पुस्तकात पोरांना वाचायला सोपं जावं म्हणून उच्चाराप्रमाणे तुकडे पाडले आणि १८२८ मध्ये सत्तर हजार शब्दांची मोठी डिक्शनरी काढली, तिथून अमेरिकेची वाट वेगळी झाली. तरी फार्मरसारख्या शब्दात अमेरिकनही शेपटी अख्खीच ठेवतात, म्हणजे नियम आहे आणि नियमाला फाटा पण आहे.

काही शब्द तर अर्थ पाहिल्याशिवाय तोडताच येत नाहीत. रेकॉर्ड हे नाम असेल, तुमच्या सातबाऱ्याचं रेकॉर्ड, तर आर ई सी वर तुटतं. तेच क्रियापद असेल, आवाज रेकॉर्ड करणे, तर आर ई वर. प्रेझेंटचं तसंच. स्पेलिंगमध्ये काडीचा फरक नाही.

आणि जोडशब्दातले हायफन तर गळतच चाललेत. २००७ साली शॉर्टर ऑक्सफर्डची सहावी आवृत्ती आली तेव्हा एका दमात सुमारे १६,००० शब्दांतले हायफन काढले. आइस-क्रीम सुटं झालं, बंबल-बी चिकटून एक झालं. ई-मेलचा हायफनही बहुतेक ठिकाणी गेला. आमच्या ऑफिसात त्यावरून दोन गट होते, एक गट अजून देतो. मी.

आता मला सगळ्यात आवडतो तो शब्द सांगते, मुंगूस. इंग्रजी डिक्शनरीत मॉन्गूज पाहा, व्युत्पत्तीत मराठीचं नाव सापडेल, आपल्याकडून गेलेला शब्द आहे. पण टिंब कुठे? एम ओ एन, टिंब, जी ओ ओ एस ई. खाली उरलं गूज, म्हणजे हंसासारखा पक्षी! पुष्कळ जण त्यामुळे एकापेक्षा जास्त मुंगसांना मॉन्गीज म्हणतात, गूजचं गीज होतं म्हणून. ते चूक, मॉन्गूजेस म्हणायचं. पक्ष्याचा काही संबंध नाही, टिंबानं उगाच बसवून दिला. तुमच्या पोरीच्या खाटेवरच्या टनासारखंच आहे हे.

अर्थाचं म्हणाल तर ऑनेस्टीखाली फार काही नसतं, कारण जागा वाचवायला अर्थ ऑनेस्टखाली देऊन ठेवलेला असतो, तिथं जायचं. पण घाणीच्या बैलाची तुमची तक्रार खरी आहे आणि जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ साली जी डिक्शनरी काढली तिच्यात जाळं म्हणजे नेटवर्क याचा अर्थ असा काही अवघड शब्दांत दिलाय की वाचणारा त्याच जाळ्यात अडकतो. ओट्सच्या अर्थात त्यानं लिहिलं की हे धान्य इंग्लंडात घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसं त्यावर जगतात, म्हणजे अर्थ सांगता सांगता टोमणा. आणि घोड्याच्या पायाचा खुराच्या वरचा जो भाग, पास्टर्न, त्याला त्यानं घोड्याचा गुडघा लिहून टाकलं. एका बाईनं विचारलं असं कसं लिहिलं, तर म्हणाला, अज्ञान बाईसाहेब, निव्वळ अज्ञान. तुमच्यासारखा जनावरं पाळणारा माणूस शेजारी असता तर ही चूक झाली नसती.

इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी वेगळ्या डिक्शनऱ्या येतात त्या घ्या. १९७८ मध्ये लाँगमननं ठरवून सुमारे दोन हजार सोप्या शब्दांतच सगळे अर्थ लिहिले. कोबिल्ड म्हणून एक १९८७ ची आहे, ती तर अख्ख्या वाक्यात अर्थ सांगते, समोर बसून कोणी समजावतंय असं वाटतं.

पऱ्हाटीवाला, घाटंजी

बापा बापा, एवढं कोणी सांगन असं वाटलं नव्हतं. पोट्टीले वाचून दाखोलं. मॉन्गूजवर लय खुश झाली. डीटीपीवाल्या भाऊचं पत्रक मी मधातलं गाळून वाचलं.

पण ताई, अर्थ कसा ठरवतेत हे समजलं नाई. म्हणजे कोणी बसून लिहितेच ना? पोट्टीची आणखी एक तक्रार हाय. तिच्या पुस्तकात पोळ्याचा धडा हाय त्याच्यात बैलाले बुल लिहिलं. डिक्शनरीत बुल पाहिलं तं नुसता नर. ऑक्स पाहिलं तं खच्ची केलेला. पोळ्याले तं आपण खच्ची केलेले कामाचे बैलच सजवतो ना, गोऱ्हा अन् वळू थोडीच.

प्रूफवाली, मूळ पुसद सध्या पुणे

पोरगी बरोबर आहे, पुस्तक चूक. ऑक्स किंवा बुलक पाहिजे. इंग्रजी पेपरात पण दरवर्षी बुल फेस्टिवल छापतात आणि मी दरवर्षी कुरकुरते.

अर्थ लिहिण्याची साधी रीत अशी की आधी जात सांगायची, मग त्याच जातीतल्या बाकीच्यांपेक्षा वेगळं काय ते सांगायचं. जास्त सांगितलं तर पाल्हाळ, कमी सांगितलं तर दुसरीच वस्तू त्यात शिरते. तिला सांगा वखराचा अर्थ लिहून पाहा, पण अट एकच, डवरा त्यात शिरला नाही पाहिजे. इंग्रजीत शिकवताना डवरा काय, खुरपं काय, सगळ्यांना एच ओ ई, 'हो' म्हणून मोकळे होतात.

कोडवाला_नागपूर

थोडं कॉम्प्युटरचं पण टाकतो, डीटीपीवाल्या दादासाठी. इंग्लिश शब्द आपोआप तोडायचं काम फ्रँक लियांग नावाच्या माणसानं स्टॅनफर्डमध्ये १९८३ च्या पीएचडीत सोडवलं, डोनाल्ड कनुथच्या टेक् ह्या टाइपसेटिंग प्रोग्रॅमसाठी. अख्खी डिक्शनरी पोटात ठेवली तर त्या काळच्या मशीनची मेमरीच संपायची, म्हणून त्यानं डिक्शनरीतले टिंब चाळून साडेचार हजाराच्या आसपास बारके नमुने काढले, ह्या दोन अक्षरांच्या मधात तोड, त्या तीन अक्षरांत नको तोडू असे, आणि त्यावरच जवळपास नव्वद टक्के जागा बरोबर सापडतात. राहिलेल्या सोडून दिल्या तरी चालतं, कारण न तोडलेला शब्द कोणाला खुपत नाही, चुकीचा तोडलेला खुपतो. त्याच नमुन्यांची वंशावळ आज ब्राउझरमध्ये पण आहे. रेकॉर्डचं मात्र ताई म्हणतात तसंच, ते मशीनला नुसत्या स्पेलिंगवरून कळत नाही.

दादा, वर्डमध्ये कंट्रोल दाबून हायफन मारत जा, ओळ बदलली की डॅश आपोआप गायब होतो. हातानं डॅश ठोकून एन्टर मारलं की तो तिथंच राहतो आणि मग शिबिराचं पत्रक होतं.

डीटीपी_दिग्रस

हे माहीतच नव्हतं राजा. इतके वर्षं हातानं ठोकून राहिलो. उद्या दुकानात करून पाहतो.

पऱ्हाटीवाला, घाटंजी

अपडेट देतो. पोट्टीनं वही शाळेत नेली, त्याच दहा शब्दाची, ह्या वेळी मुद्दाम ओळीच्या टोकाले शब्द आणून तोडून लिहिले. बाईनं आधी कापाले पेन उचलला म्हणे, मंग पुस्तक मागितलं, पाहिलं, अन् सात बरोबर दिले. तीन चूक होतेच, एकात पोट्टीनं स्ट्रेंग्थ तोडला होता, जागाच नव्हती म्हणते.

वखराचं पण लिहिलं तिनं. पहिल्यांदा लिहिलं, बैलानं ओढाचं शेतीचं अवजार. आमचे आबा खाटेवर पडून ऐकून राहिले होते, म्हणे ही तं बैलबंडी पण झाली अन् नांगर पण झाला. मंग तिनं वाढवलं, लोखंडी पास म्हणजे पातं असते, माती भुसभुशीत करते, तण कापते. आबा म्हणे डवरा काय वेगळं करते? पोट्टी गप. तवा आबा उठून बसले अन् म्हणे लिही, पेरणीच्या आधी मोकळ्या वावरात चालते तो वखर, उभ्या पिकाच्या दोन ओळीत चालते तो डवरा, अन् डवऱ्याची पास बारकी राह्यते, नाई तं पऱ्हाटी उपटून येईन. मले म्हणे आता ह्याच्यात टिंब कुठं देतेत ते विचार तुह्या मोबाइलवाल्याइले.